खाटेवरची राखण

आमच्या छोट्या लायनीच्या गाडीबद्दल लोक फार खोटं बोलतात. मी तेवढं खरं सांगतो. सौसरहून नागपूरला जाताना एकदा मी सावनेरच्या अलीकडे खाली उतरलो, एका शेतातला हरभरा उपटला, त्याचा हुळा भाजून खाल्ला, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेल्या म्हाताऱ्याच्या पोरीची सोयरीक जमवून दिली आणि चार पावलं भरभर टाकून त्याच डब्यात, त्याच जागेवर येऊन बसलो. जागा अजून गरम होती.

या गाडीवर मी जन्मभर हसलो. एकदाच तिच्यावर हसू आलं नाही. बाकावर बायको आडवी, तिचं डोकं माझ्या मांडीवर, तोंड एका अंगाला ओढलेलं, डावा हात नि डावा पाय दुसऱ्या कोणाचे उसने आणल्यासारखे पडलेले. आणि गाडी लोधीखेड्याच्या ठेशनात उभी राहून निवांत पाणी पीत होती. मी खाली उतरून इंजिनाला अशा शिव्या दिल्या, की इंजिनच्या शिट्टीचा आवाज त्या दिवसापासून बसला तो बसलाच.

आदल्या सकाळी ती धडधाकट होती. रामाकोन्याजवळ आमचं गाव, गावाबाहेर आमचा संत्र्याचा बगीचा. पोळा नुकताच झाला होता. पोळ्याचा लाड अंगात मुरलेला आमचा बांड्या बैल गोठ्यातून सुटला आणि थेट तिच्या अंगणातल्या वाळवणावर गेला. ती बाहेर आली, कमरेवर हात ठेवले, आणि त्याच्या सात पिढ्यांना पुरेल अशी शिवी सुरू केली. बायको शिवी द्यायची ती लांब असायची, तिला सुरुवात असायची, मध्य असायचा, शेवट असायचा. त्या दिवशी मध्यापर्यंत आली आणि थांबली. उरलेली अर्धी शिवी तोंडातच राहिली आणि बाई भिंतीला घासत खाली बसली. बांड्यासुद्धा खाणं सोडून पाहत राहिला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिला ठोकून पाहिलं, तळपायावर किल्ली ओढून पाहिली आणि मला म्हणाला, "अर्धांगवायू आहे. मालिश करा, हातपाय हलवत राहा. कड बदलत राहा, पाठीला जखम होऊ देऊ नका. आणि धीर धरा."

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, बाकीचं घरी हाये. हा धीर कोण्या दुकानात भेटते?"

तो हसला नाही. नागपूरचे लोक तेव्हापासूनच कमी हसत.

घरी आलो तर ओसरीवर सभा भरलेली. माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणतो, आणि पांढुर्ण्याची आत्याबाई. आई गेल्यावर आत्याबाईनं आमची आई व्हायचं स्वतःच ठरवून टाकलं होतं. आमच्या घरात काही झालं की पांढुर्ण्याला ते आमच्याआधी कळायचं.

आत्याबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बाबू, आमी काई तुले तिले सोड म्हणून नाई राहिलो. तिच्या माहेरी ठेव. भाऊ हाये, भावजय हाये. बाईचं बाईनंच कराव लागते. बरी झाली का आण वापस."

"आन नाई झाली तं?"

"तं मंग पाहू."

"काय पाहू?"

आत्याबाई वर आढ्याकडे पाहायला लागली, जणू पोरगी तिथंच टांगून ठेवली होती. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. आत्याबाईनं काय पाहून ठेवलं होतं ते गोठ्यातल्या वासरालाही कळलं असतं.

दादा म्हणाला, "तुहं वय हाये अजून."

"कायदा आला म्हणतात नं दादा. एक असताना दुसरी करता येत नाई."

"कायदा दिल्लीत हाये. आपल्या नाल्याच्या इकडं त्याले कोन ओळखते?"

मग माझा आवाज चढला. माझा आवाज चढला की विहिरीतली कबुतरं उडतात. मी म्हटलं, "मले दुसरी करायचीच असती तं पहिली धडधाकट होती तवाच केली असती! तवा तिनं माह्या टाळक्यात मुसळ तरी घातलं असतं. आता ती मुसळ उचलू शकत नाई, तं तुमी मले मर्दानगी शिकवून राहिले? आत्याबाई, चहा पी. दादा, तूही पी. आन हे बोलणं या घरात पुन्हा निघालं तं दोघायचाही चहा बंद."

आतून एक आवाज आला. मी धावत गेलो. ती हसत होती. तोंडाच्या उजव्या बाजूनंच हसत होती, डाव्या बाजूला त्याची खबरही नव्हती. पण आत्याबाई काही ऐकून गप्प बसणारी नव्हती. जाताना उंबऱ्यावरून म्हणाली, "पुढच्या आंबियाच्या तोड्यापर्यंत पाहू. तोवर तुहा जोर उतरते." म्हणजे पुढल्या वर्षी संत्री उतरेपर्यंत. आमच्याकडे न्यायाधीशही तारीख देतो ती संत्र्याच्या हिशेबानं.

मग मी चुलीपाशी बसलो. गावातली माणसं सकाळी मुद्दाम आमच्या दारावरून जायची, आत डोकावायची, खोकायची. मी दार सताड उघडं ठेवलं. म्हटलं पाहा लेकहो, फुकट तमाशा. ज्वारीच्या पिठाचा गोळा मी परातीत असा आपटायचो की शेजारच्या घरातली उतरंड हलायची. तिचं अंग पुसणं, कड बदलणं, खालचं काढणं, हेही मीच केलं, आणि त्याबद्दल जे कोणी तोंड वाकडं करी त्याला मी विचारायचो, "तुही आई तुह्यं काढे तवा तिचं तोंड कसं राहे रे?" केसांचं मात्र अवघड होतं. वेणी मला येत नव्हती. मला वळता येत होता तो बैलाचा कासरा. मी तिच्या केसांचे तीन पेड केले आणि कासरा वळला, असा घट्ट, की दोन्ही भुवया वर चढल्या आणि पुढचे कित्येक दिवस ती कायम आश्चर्यात पडल्यासारखी दिसे. बाया पाहून हसल्या. पण ती वेणी सुटली नाही. त्या वेणीनं मोट ओढली असती.

हे सगळं मी करायचो, पण एक गोष्ट मला जमत नव्हती. वाट पाहणं. आज मालिश केली तर उद्या हात हललाच पाहिजे, असा माझा हिशेब. मोहाचं तेल कोमट करून मी तिचा पाय असा रगडायचो, जसा पायातून पाय ओढून काढायचा आहे. संध्याकाळी विचारायचो, "काही फरक?" ती डोळे मिटून घ्यायची. बोलता येत नव्हतं म्हणून शिव्यांपासून माझे कान वाचायचे.

थंडी पडली आणि बगीच्याला ताण द्यायचे दिवस आले. ज्याला माहीत नाही त्याला सांगतो: संत्र्याचं झाड लाडानं फुलत नाही. थंडीत त्याचं पाणी तोडायचं. पानं मरगळतात, कडा वळतात, झाड मेलं की काय असं वाटतं. मग बरोबर वेळेवर पाणी सोडलं, की झाड घाबरून अंगभर फुलतं; तोच आंबिया बहार. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि म्हणूनच माझ्या डोक्यात जे आलं ते आमच्या भागातल्या माणसाच्याच डोक्यात येऊ शकतं.

मी म्हटलं, बायकोला ताण द्यावा.

पाण्याचा लोटा मी रोज तिच्या उजव्या हाताशी ठेवायचो. त्या सकाळी डाव्या अंगाला ठेवला, जरा लांब. तहान लागेल, डावा हात हलेल, बाई फुलेल. एवढं करून मी शहाणा माणूस शीळ वाजवत बगीच्यात गेलो, आणि तिथं साळींदरानं उकरलेली बांधाची माती भरता भरता दुपार झाली.

घरी आलो तर खाट ओली, लोटा जमिनीवर गडगडत गेलेला, आणि ती माझ्याकडे पाहत होती. असं बैलाकडे पाहायची. ओठ हलले. उजवा आधी, मग डावाही, थोडासा. आणि आवाज निघाला. चिखलातून चाक निघतं तसा. पोळ्यानंतर बांड्याला द्यायची राहिलेली ती उरलेली अर्धी शिवी तिनं मला दिली. अडखळत, पण शेवटपर्यंत. एक शब्द गाळला नाही.

मी तर नाचलो. अंगणात गेलो, ओरडलो, "बोलली! बोलली!" शेजारी धावत आले. काय बोलली, हे मी कोणाला सांगितलं नाही, माणसाला काही अब्रू असते. पण आत येऊन पाहतो तर तिच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"मले झाड समजले काय?" ती म्हणाली. एकेक शब्दाला दम घेत. "झाडाले ताण देता... तं मालक झाडापाशी राह्यते. रोज पान पाह्यते. तुमी तं... लोटा ठेवून... चालले गेले."

माझा बाप ताणाच्या दिवसांत घरी जेवायलाही येत नसे. रोज पानाला हात लावून पाहायचा, मऊ आहे का, कोरडं झालं का, अजून किती सोसेल. ताण म्हणजे पाणी तोडणं नाही, ते कोणीही तोडतं. शिकायचं ते बसून राहणं, आणि ते मला त्या ओल्या खाटेनं शिकवलं. मी चादर बदलली, लोटा भरून तिच्या ओठाला लावला आणि त्या दिवसापासून कुठं निघालो नाही. एवढा मोठा, बोलघेवडा, जत्रेत उठून दिसणारा माणूस मी, एका खाटेच्या पायाशी असा बसलो की गावातल्या कोंबड्या माझ्या पाठीला भिंत समजून टेकायच्या.

बोलणं आलं तसा तिचा जिभेचा धंदाही पुन्हा सुरू झाला. त्या दिवसांत जिकडेतिकडे एकच चर्चा, दिल्लीचा आयोग देशाचे प्रांत नव्यानं मांडतो आहे. मी माझी वाकडीतिकडी भाकरी वाढली की ती ताट फिरवून फिरवून पाहायची.

"हा कोन्ता प्रांत म्हणा?"

"भाकर हाये वं."

"मले तं असं वाटते का हे समुद्रात गेलं." मग एक तुकडा तोडायची. "मी उठीन तं तुमच्या या भाकरीच्या भेवानंच उठीन."

चैत्रात आत्याबाईचा निरोप आला. जामसावळीला जा, मारुतीला नवस बोल. मी गेलो, पण नवस बोलायला नाही, भांडायला. बंडीत कडबा अंथरला, वर गादी, त्यावर ती. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती बांड्याच्या आईची आठवण काढत होती. जामसावळीचा मारुती पिंपळाखाली आडवा आहे, हे ज्यानं पाहिलं त्याला माहीत आहे. त्याच्या बेंबीतून पाणी येतं, ते लोक तीर्थ म्हणून घेतात. आसपास झाडाखाली आजारी माणसं घेऊन लोक मुक्काम करून होते. मी तिला उचलून देवाच्या बाजूला आणलं, सतरंजीवर निजवलं, आणि देवासमोर उभा राहून आवाज काढला. पिंपळावरची पानं तेव्हा गळाली ती, वसंत होता म्हणून नाही.

"काय रे बाप्पा! दुसऱ्याच्या भावासाठी तू अख्खा पहाड उचलून आनला. आन माह्या बायकोसाठी तुह्यानं एक काडी उचलणं नाई होत? का सौसर तहसील लांब पडते?"

पुजारी दचकला. बाया मागं सरकल्या. आणि खालून हसण्याचा आवाज आला.

मी खाली पाहिलं. "काहून हासून राहिली वं?"

"त्याच्याकडं पाहा ना."

"कोनाकडं?"

"देवाकडं. तो निजूनच हाये." ती हसता हसता धापा टाकत होती. "एवढे लोक येते... नारळ फोडते... त्याले कोनी म्हंते काय, उठत नाई तं जा बाप्पा माहेरी?"

मी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. दोघंही एकाच रेषेत पडलेले. शेंदूर सोडला तर फार फरक नव्हता.

"आन तो काई लकव्यानं नाई पडला," ती पुढे म्हणाली. "चोर आले होते म्हणे धन काढाले. तवा धनावरच आडवा झाला. राखण करून राहिला तो."

माझ्या तोंडात जे उरलेलं भांडण होतं ते मी गिळून टाकलं. मी मागायला आलो होतो की हिला उभी कर, आणि जो स्वतःच उभा राहत नाही त्याच्याकडे कोणत्या तोंडानं मागू? मी नारळ फोडला, तीर्थ घेतलं, तिच्या ओठाला लावलं, आणि काहीच न मागता परत आलो. माझा देवावर भरवसा त्या दिवशी बसला. तो मला माझ्या बायकोसारखा वाटला. अशा माणसावर भरवसा ठेवायची मला सवय होती.

दुसऱ्या दिवशी मी तिची खाट घरातून उचलून बगीच्यात नेली. विहिरीजवळ मोठा कडुनिंब आहे, त्याखाली टाकली. आंबियाची फळं तेव्हा आवळ्याएवढी झाली होती आणि वानरांनी नुकतीच मोहीम काढली होती. तिनं तिच्या त्या जाड जिभेनं पहिली हाक मारली. वानरं जी पळाली ती सातपुड्यात थांबली नाहीत. बैतुलाकडचे लोक अजून मला बोल लावतात की तुमची वानरं आमच्याकडे आली. कोणत्या आळ्यात पाणी कमी गेलं, कोणत्या फांदीला टेकू लागतो, दांड, म्हणजे पाण्याचा पाट, कुठं फुटला, सगळं तिला पडल्या पडल्या दिसे. उभ्या माणसाला संत्र्याच्या झाडाचं फक्त डोकं दिसतं. पोट निजलेल्याला दिसतं.

दादा आला आणि बांधावरच थांबला. पाठ करून. "हे काय? बाई माणूस उघड्यावर खाटेवर निजून हाये. मी तिचा भासरा. मी इकडं येऊ का नको येऊ?"

खरं होतं. आमच्याकडे भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बाई खाटेवर बसतसुद्धा नाही, निजायचं तर दूर. बोलतही नाही. बोलायचंच झालं तर भिंतीला किंवा पोराला सांगते.

मी म्हटलं, "दादा, पहिले जामसावळीले जा. तिथं सांगून ये, की बाप्पा, गावातला मोठा माणूस आला, उठून बस. तो बसला का मी हिलेही बसवतो."

दादा गेला. पण पुढे कितीतरी दिवस तो बगीच्यात यायचा तो उलटा चालत यायचा. दोनदा दांडात पडला.

मोटेचा जुना नाडा होता, मनगटाएवढा जाड. तो मी कडुनिंबाच्या फांदीला बांधून खाटेवर सोडला. उजव्या हातानं तो धरून ती उठून बसायला शिकत होती. बसणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. मान उचलायची, मग खांदा, मग कंबर, आणि कंबरेपाशी आलं की सगळं परत खाली. मी हात पुढे केला की ती म्हणायची, "हात लावू नका. तुमी उचललं तं तुमी उठले, मी नाई." मग मी माझे हात माझ्याच मांडीखाली दाबून बसायचो आणि तिला गोष्टी सांगायचो, एकीपेक्षा एक लांब. गोष्ट संपायच्या आत ती मान टेकायची. उन्हाळा गेला, पाऊस गेला. ती अर्धी उठायला लागली होती, पूर्ण नाही.

तेवढ्यात छप्पन सालची ती नव्या प्रांतांची रेघ आली. सौसरच्या बाजारात दुसरं बोलणंच नव्हतं. नागपूर, म्हणजे आमची राजधानी, आमचा दवाखाना, आमची कचेरी, ते सगळं मुंबईकडे जाणार. आणि आम्ही, पोळा करणारे, भाकर खाणारे, मराठीत भांडणारे, भोपाळकडे राहणार. लोक चिडले होते. मीही चिडलो, मोठ्यानं. आणि चिडता चिडता मला दिसलं की नरखेडकडची माझी सासुरवाडी रेघेच्या पलीकडे जाते.

आंबिया पिवळा पडत आला होता. आत्याबाईनं दिलेली तारीख जवळ आली होती. म्हणून मी पांढुर्ण्याला गेलो आणि आत्याबाईच्या कानाशी लागलो. "कोनाले सांगू नको आत्याबाई. नवा प्रांत झाला का रेघेवर नाका बसते. आजारी माणसाले पलीकडं न्यायचं तं दोन्ही सरकारची परवानगी लागते. भोपाळचा साहेब इकडून पाह्यते, मुंबईचा तिकडून. नाडी दोघंही पाह्यतात. जुळली नाई तं वापस."

आत्याबाईचे डोळे गोल झाले. मी खूश होऊन परतलो. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुबक गोष्ट होती. आता बाईला माहेरी पाठवणं झंझटीचं काम झालं. सोडून देतील बिचारे.

पण माझी गोष्ट माझ्यापेक्षा जास्त पळाली. आत्याबाईनं ती खरी मानली, आणि खरी मानल्यावर शहाणं माणूस जे करील तेच तिनं केलं. नाका बसायच्या आत बाई पलीकडे गेली पाहिजे! तिनं नरखेडकडे निरोप धाडला, आणि संत्र्याचा तोडा चालू असताना एका सकाळी माझा साळा बंडी घेऊन आमच्या बगीच्यात उभा. बंडीत जाड गादी, बाजूला बांधायला दोऱ्या. आणि गादीवर, वाटेत पांढुर्ण्याला चढलेली, आत्याबाई.

दादाही मागून आला. या वेळी सरळ चालत.

साळा खाटेपाशी गेला. चांगला माणूस होता. "बाई, चाल. घरी चाल. भाऊजीनं लय केलं, मी नाई म्हणत नाई. पण मानसानं किती करावं? उद्या नाका बसला तं आमाले तुही भेटही होनार नाई."

माझ्या पोटात तेव्हा सोळा उत्तरं तयार होती, एकाहून एक बेरकी. मी तोंड उघडलं, तर तिनं उजव्या हाताचं बोट वर केलं. गप्प. मी तोंड मिटलं. एवढं जड काम मी त्याआधी केलं नव्हतं, आणि एकदा मी चिखलात बसलेली रेडी एकट्यानं उचलली आहे.

तिनं नाडा धरला.

मान उचलली. खांदा उचलला. साळा पुढे सरकला, आत्याबाई "अवं माय, पडशीन" म्हणत बंडीतून उतरायला लागली. मी म्हटलं, "कोनी हात लावू नका." तेवढं एकच वाक्य मी त्या दिवशी बोललो. कंबरेपाशी ती अडकली. नाडा करकरला. कपाळावर घाम आला आणि ती परत खाली गेली. तोडणाऱ्या बाया टोपल्या घेऊन उभ्या राहिल्या. तिनं श्वास घेतला, पुन्हा धरला. साळ्याचा हात आपोआप पुढे आला, तो मी मनगटात पकडला. आणि माझा दुसरा हात पुढे जाऊ लागला, तो मी काखेत दाबला. तेवढ्या वेळात आमची छोटी गाडी नागपूरला जाऊन परत आली असती. मला घाई नव्हती. माझ्या बापाला पानाला हात लावून जे कळायचं ते मला तेव्हा कळत होतं: सोसते अजून. सोसते. थांब.

ती बसली.

डावा पाय उजव्या हातानं उचलून तिनं खाटेखाली सोडला. मग पहिलं काम काय केलं, तर पदर डोक्यावर ओढला. भासरा उभा होता ना.

दादानं झटक्यात तोंड कडुनिंबाकडे केलं. नाक ओढून झाडालाच म्हणाला, "तिले सांग म्हणा, निजली तरी चालते."

"भाऊ," ती साळ्याला म्हणाली, दम खात, "मी इथं पडून नाई राहिली. राखण करून राहिली. माह्या जागेवरून मले उठवायचं असंन तं मी माह्या पायानं उठीन. तुही बंडी मले नाई पायजे." मग बंडीकडे पाहून तिचा जुना आवाज आला. "पण रिकामी नको नेऊ. एवढ्या लांब आला. गादी काढ, संत्री भर. भावजयले म्हणा, नंदेनं पाठवली."

साळ्यानं डोळे पुसले आणि गादी काढली. मी टोपल्या ओतल्या. अशी संत्री होती त्या वर्षी, की एकेक संत्रं दोन माणसांनी धरून चढवावं लागलं. आत्याबाईला बसायला जागा राहिली नाही, म्हणून तिला वर, संत्र्यांच्या ढिगावर बसवलं. ती रागात होती. पण बंडी हलायच्या आधी तिनं बैल थांबवायला लावले आणि माझ्याकडे वाकली. आवाज खाली.

"बाबू, त्या नाक्यावर... संत्र्यालेही परवानगी लागते काय?"

मी तोंड उघडलं. पण उत्तर खाटेवरून आलं.

"लागते आत्याबाई. रेघेच्या इकडची संत्री इकडंच संपवा लागते. पांढुर्ण्यापर्यंत खात जा."

आत्याबाईनं लगेच एक सोलायला घेतलं. बंडी धुऱ्यावरून वळली, दादा मागोमाग सरळ चालत गेला, तोडणाऱ्या बाया पुन्हा झाडांत शिरल्या. ती अजून बसूनच होती, नाडा मुठीत, डावा पाय जमिनीला टेकलेला. मी तिच्याकडे पाहत राहिलो. एवढी साफ थाप माझ्या घरात माझ्याशिवाय कोणी मारू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

"पाहून काय राहिले?" ती म्हणाली. "निजवा आता मले. थकली मी. आन एक संत्रं सोला. आंबट निघालं तं तुमी खा."